चासीत बसलं, गाडीत नाही: १९५० ची शेवरोले आणि बोटीतलं व्ही-एट

पार्श्वभूमी

गाडी १९५० ची शेवरोले, चार दरवाजांची. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना तेव्हा मुंबईत शिवडीला होता. १९२८ ला सुरू झाला, १९५४ ला बंद पडला. ही गाडी तिथं जोडलेली, म्हणजे उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. हे उजव्या हाताचं प्रकरण पुढं आम्हाला फार महाग पडलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

गाडी घेतली होती मालकांच्या आजोबांनी, बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हा, तंबाखूच्या पैशातून. निपाणी भागातलं जुनं घराणं. गावात आत्ताच्या मालकांना सावकार म्हणतात, मीही तेच म्हणतो. गाडीचं मूळ इंजिन सहा सिलेंडरचं, २१६ घन इंचांचं, म्हणजे साडेतीन लिटर, ताकद ९२ घोडे. १९८० च्या दशकात रॉडचा, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचा, ठोका यायला लागला आणि गाडी वखारीच्या मागच्या शेडमध्ये गेली ती गेलीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी शेडमध्ये शिरलं आणि गाडी चार दिवस चाकाच्या वरपर्यंत पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर बाहेर काढली तेव्हा बॉडी बरी होती. जमिनीचा पत्रा गेलेला, आणि चासी मागच्या ॲक्सलवर जिथं कमान घेते तिथं गंजून बोट जाईल एवढी भोकं.

सावकारांचा भाचा अमेरिकेत असतो. त्यानं फोनवर सांगितलं, "मामा, इकडं या मॉडेलची नवी चासी तयार मिळते. पुढचं सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, स्टिअरिंग रॅक, सगळं बसवूनच देतात. व्ही-एटचे, म्हणजे आठ सिलेंडरच्या इंजिनाचे माउंट, ज्यावर इंजिन बसतं ते कंससुद्धा मारलेले असतात. पाठवू का?"

सावकारांनी पाठव म्हटलं. प्रकरण सुरू झालं ते इथं.

माझा संबंध एवढाच की उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. लायनर टाकणं, डोकं फेस करणं, शाफ्ट बनवणं असली कामं. गाडी उभी करणारे मिस्त्री चिकोडी तालुक्यातले, हात सोन्याचा, पण मोजमापापेक्षा नजरेवर भरवसा जास्त. पहिल्यांदा माझ्याकडं फक्त इंजिन आलं होतं. गाडी मी पाहिली तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं होतं.

इंजिन कुठून आलं

जुनं इंजिन भरून घ्यायचा विचार झाला होता, पण फक्त दहा मिनिटं. २१६ च्या रॉडला आजच्यासारखे पातळ शेल नसतात, रॉडच्या पोटातच व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ धातू, ओतलेलं असतं. रॉडला तेलही दाबानं जात नाही. खालच्या तसराळ्यातलं तेल रॉडच्या टोकाची पळी उडवते, तेच बेअरिंगला. "आता व्हाइट मेटल ओतणारा कुठं मिळतोय ओ?" सावकार म्हणाले, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कुणी शोधलंच नाही. प्रश्नच उत्तर म्हणून धरला गेला.

मग गोव्यातून निरोप आला. एका बोटयार्डात मोडीत निघालेल्या बोटीतली दोन इंजिनं पडून आहेत, शेवरोलेचीच. जाऊन पाहिलं तर ४५४ बिग ब्लॉक, म्हणजे शेवरोलेचं मोठ्या घराण्यातलं व्ही-एट, ४५४ घन इंचांचं, ७.४ लिटर. बोअर सव्वाचार इंच, स्ट्रोक चार इंच. जनरल मोटर्सची ही इंजिनं बोटींसाठीही सजवून विकली जायची, त्यामुळं गोव्यात ती मिळणं नवल नाही. किंमत भंगाराच्या थोडी वर. पिकअपमध्ये घालून, ताडपत्री बांधून, चोर्ल्याच्या घाटातून भर पावसात ते इंजिन बेळगावात आलं.

दोन इंजिनांतलं एक घेतलं, पण कुठलं घ्यायचं यात मिस्त्रींनी नकळत मोठी चूक टाळली. दुहेरी इंजिनाच्या बोटीत दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरावेत म्हणून कधी कधी एक इंजिनच उलटं फिरणारं असतं. त्याचा कॅम वेगळा, फायरिंगचा क्रम वेगळा. गाडीच्या गिअरबॉक्सला ते चालत नाही. मिस्त्रींनी सेल्फ मारून बघितला आणि समोरून बघता घड्याळाच्या काट्यासारखं फिरलं ते उचललं. "दुसरं उलटं फिरत होतं, ते बिघडलंय वाटलं," असं मला नंतर सांगितलं.

माझ्याकडं ब्लॉक आला तेव्हा पहिली शंका समुद्राच्या पाण्याची होती. बऱ्याच बोटींत थेट खारं पाणीच इंजिनात फिरवतात, रेडिएटर नसतोच. ते पाणी जॅकेट आतून खातं. बेळगावात फौंड्र्यांना तोटा नाही. एका फौंड्रीतले काका अल्ट्रासॉनिक गेज घेऊन आले, आणि आठही सिलेंडरच्या भिंती चारी बाजूंनी मोजल्या. सात ठीक निघाले. पाचव्यात एका बाजूला भिंत ४ मि.मी. च्या आत. काकांनी गेज पुसत सांगितलं, "याला बोअर मारू नका, फुटंल. लायनर घाला." घातला, म्हणजे सिलेंडरच्या आत नवी नळी बसवली. बाकीच्यांना नुसतं होनिंग, आतून घासून गुळगुळीत करणं. हे काम चांगलं झालं, आणि तिथंच दुसरी अडचण तयार झाली: इंजिनावर पैसे खर्च झाले होते, म्हणून आता ते बसवायचंच होतं.

अडचण

चासी आली. दोन बाय चार इंचांची बंद पेटी, ३ मि.मी. जाडीची, वेल्डिंग बघत बसावं अशी. माउंट तयार होते ते स्मॉल ब्लॉकसाठी, म्हणजे १९५५ पासून चालत आलेल्या शेवरोलेच्या लहान व्ही-एटसाठी. दोन्ही घराण्यांच्या ब्लॉकवर माउंटची तीन भोकं एकाच मापात असतात, गिअरबॉक्सचा मागचा चेहराही एकच. त्यामुळं ४५४ चासीवर ठेवलं आणि बोल्ट सरळ आत गेले. मिस्त्री खूश. बोटीचं ऑइल चेंबर काढून गाडीचं मागच्या खोलीचं चेंबर लावलं, कारण या चासीत स्टिअरिंग रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दात्यांचा दांडा, ॲक्सलच्या पुढं होता आणि क्रॉसमेंबर, चासीचा आडवा दांडा, बरोबर मधे. तेही बसलं. भाच्यानं पाठवलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसला. मिस्त्रींनी माउंटला आणखी दोन पट्ट्या मारून सगळं पक्कं वेल्ड केलं. "एवढ्या मोठ्या इंजिनाला जोर लागतोय," म्हणाले, आणि त्यात चूक नव्हती. फक्त गाडी अजून चासीवर आली नव्हती.

वजनाची भीती सगळ्यांना होती, ती फुकाची निघाली. चेन ब्लॉकला काटा लावून दोन्ही इंजिनं तोलली. बिग ब्लॉक ३०० किलोच्या थोडं वर, आणि जुनं सहा सिलेंडरचं त्याहून तीसेक किलोच कमी. जुन्या काळचं बीड फार जाड असतं. खरी अडचण रुंदीची होती.

बॉडी चेन ब्लॉकनं खाली उतरवली तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशीच मला पहिल्यांदा बोलावलं होतं, 'बघायला'. दोन इंच उरले असताना मिस्त्रींचा पोरगा आतून ओरडला, "आप्पा, थांबवा, काहीतरी टेकतंय." बॉनेट उघडून बघितलं. स्टिअरिंगचा खांब उजवीकडून आत येत होता, आणि त्याच्या टोकाची सरळ रेघ बिग ब्लॉकच्या उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाच्या, तोंडातून जात होती. खाली सेल्फ, तोही उजवीकडेच. शेवरोलेच्या व्ही-एटला सेल्फ आणि यांत्रिक पेट्रोल पंप दोन्ही उजव्या बाजूला असतात. अमेरिकेत त्याचा काही त्रास नाही, तिकडं स्टिअरिंग डावीकडं.

रॅकही डाव्या हाताचाच आला होता. ब्रेकच्या पेडलचा कंसही डाव्या रुळावर मारलेला. हे आधीच दिसायला हवं होतं. दिसलंही होतं, पण "ते नंतर बघू" या खात्यात गेलं होतं.

मी ओळंबा मागवला. पुढच्या क्रॉसमेंबरचा मध्य, मागच्या क्रॉसमेंबरचा मध्य, जमिनीवर खडूनं रेघ, आणि इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या मध्यातून ओळंबा सोडला. तो रेघेवर पडला नाही. उजवीकडं २५ मि.मी. पडला. मिस्त्री म्हणाले, चासी वाकडी आली असेल. चासी सरळ होती. बनवणाऱ्यानं इंजिन मुद्दाम एक इंच उजवीकडं सरकवलं होतं, डावीकडच्या स्टिअरिंगला जागा मिळावी म्हणून. तिकडं ही नेहमीची युक्ती आहे. आपल्या गाडीत तीच युक्ती उलटी बसली. ज्या बाजूला जागा हवी होती तीच बाजू इंच भरानं कमी झाली, आणि त्यात बिग ब्लॉकची डोकी लहान ब्लॉकपेक्षा रुंद.

समोर होते ते पर्याय

वखारीत खाटेवर बसून दोन संध्याकाळी यावर बोलणं झालं.

एक सोपा उपाय मिस्त्रींनी खडूनं आखूनच दाखवला: फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधला आडवा पत्रा, कापायचा. उजव्या बाजूला पाच इंच आत खोबण मारली की इंजिन मागं सरकतं आणि खांबाला वळायला जागा होते. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला असतो, आमच्याकडं त्याला डेल्कोच म्हणतात. कापलं की त्यालाही हात घालायला जागा होणार होती. रेघ खरंच चांगली आखली होती. ग्राइंडर प्लगला लावलेला होता.

दुसरा, स्टिअरिंगच डावीकडं न्यायचं. चासी त्यासाठीच बनलेली. डॅशबोर्डला डावीकडं भोक, उजवीकडचं बुजवायचं. सावकारांनी हात झटकला. "आजोबा उजवीकडं बसायचे." तेवढ्यावर विषय संपला, आणि मला तो योग्यच वाटला.

तिसरा माझा होता: बिग ब्लॉक विकून स्मॉल ब्लॉक घ्यायचं. माउंट तेच, गिअरबॉक्स तोच, रुंदी कमी. अशा गाडीला तेवढं पुरे होतं. पण लायनर घातलेलं, रंगवलेलं इंजिन समोर उभं असताना हे बोलणं म्हणजे लग्नाच्या मांडवात दुसरं स्थळ सुचवण्यासारखं. मी एकदाच बोललो.

चौथा, इंजिन डावीकडं सरकवायचं आणि उजवा मॅनिफोल्ड नव्यानं पाइपचा बनवायचा. मेहनत सगळ्यात जास्त, पण बॉडीला कात्री नाही.

आणि पाचवा, जुनी चासी दुरुस्त करून जुनं इंजिन भरायचं. हा पर्याय कुणी काढलाच नाही. जुनी चासी तेव्हा शेडच्या मागं पडली होती, तिच्यावर ठिबकच्या पाइपांची बंडलं रचलेली होती.

चौथा ठरला, आणि त्याचं कारण तांत्रिक नव्हतं. सावकार फायरवॉलवरच्या खडूच्या रेघेकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, कापू नका. कापलं की परत येत नाही." त्या वेळी मला वाटलं, नुसता मोह. पुढं त्याच एका वाक्यानं सगळं वाचवलं.

काय केलं

पक्के केलेले माउंट ग्राइंडरनं काढले. ३ मि.मी. च्या पेटीवर एकाच जागी दोनदा वेल्ड आलं की पत्र्याची तब्येत राहत नाही, म्हणून तिथं दोन्ही बाजूंनी माशाच्या आकाराच्या पट्ट्या टाकल्या. चौकोनी पट्टी टाकली तर तडा तिच्या सरळ कडेला जातो. टोकदार कडेवर ताण विभागला जातो.

या वेळी क्रम बदलला. बॉडी आधी चासीवर बसवली. चाकं लावली, टायरची हवा भरली, गाडी तिच्या रोजच्या उंचीवर आणली. स्प्रिंग पूर्ण वजनाखाली दबले की इंजिन, रॅक, खांब यांचे कोन बदलतात, आणि घोड्यांवर उभ्या चासीवर घेतलेली मापं तेव्हा लबाडी करतात. मग बॉनेटच्या बाजूनं इंजिन चेन ब्लॉकवर टांगतं ठेवून, मध्याच्या डावीकडं १२ मि.मी. पर्यंत नेलं. म्हणजे आधीच्या जागेपासून ३७ मि.मी. गिअरबॉक्सचा मागचा माउंटही तेवढाच हलवला, नाहीतर इंजिन तिरकं होतं. प्रॉपेलर शाफ्टला इंजिन मध्यापासून थोडं बाजूला असलं तरी चालतं. फक्त गिअरबॉक्सची बाहेर निघणारी रेघ आणि मागच्या ॲक्सलच्या हौसिंगमधल्या पिनियनची रेघ समांतर हवी. तिरकी असली की शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस खातात आणि गाडी अंगावर थरथर आणते. सगळं नुसतं टॅक मारून, म्हणजे ठिपक्यापुरतं वेल्ड करून, धरलं. पक्कं काही नाही.

रॅकची गोष्ट वेगळीच. आपल्याकडं उजव्या हाताचा रॅक म्हटलं की पहिल्यांदा ॲम्बेसिडर आठवते, कारण तिलाही रॅकच असतो. मिस्त्रींनी एक आणलाही. बसवायला गेलं तर बसला असता. पण रॅकच्या आतल्या दोन गोळ्यांमधलं अंतर खालच्या आर्मच्या आतल्या बिजागऱ्यांशी जुळायला हवं. नाही जुळलं तर चाक खड्ड्यात गेलं की आपोआप वळतं, चालवणाऱ्यानं हात न लावता. दोन्हीकडं फूटपट्टी लावून दाखवली तेव्हा मिस्त्री गप्प झाले. "म्हणजे स्पीड ब्रेकरवर स्वतःच टर्न मारणार की ओ." बरोबर. तो रॅक परत गेला. ऑस्ट्रेलियातही गाड्या आपल्यासारख्याच उजव्या हाताच्या असतात, आणि या सस्पेन्शनचा उजवा रॅक तिथं मिळतो. भाच्यानं तो मागवून पाठवला. चार महिने गेले, त्यात लॉकडाऊनही आला.

खांबापासून रॅकपर्यंतचा शाफ्ट मी बनवला. तीन क्रॉस लागले, कारण मॅनिफोल्डला वळसा घालून जायचं होतं. तीन क्रॉस असले की मधल्या तुकड्याला आधाराचं बेअरिंग लागतंच, नाहीतर स्टिअरिंग फिरवलं की मधला तुकडा दोरीसारखा बाजूला फेकला जातो. पहिल्यांदा आम्ही बेअरिंगशिवाय लावून बघितलं. सावकारांच्या हातात स्टिअरिंग जागेवर होतं आणि शाफ्ट मॅनिफोल्डवर वाजत होता. ते बघितल्यावर कुणी वाद घातला नाही. उजवा मॅनिफोल्ड पाइपचा बनला, आणि पाइपला लागून जाणाऱ्या शाफ्टवर पत्र्याची ढाल आली. शाफ्टपासून गरम पाइपपर्यंत सगळ्यात अरुंद जागा १९ मि.मी. राहिली. मला २५ हवी होती. मिळाली नाही.

मग इंजिन चालू केलं. आवाज काय सांगू, वखारीच्या पत्र्यांवरची कबुतरं दुपारपर्यंत परत आली नाहीत. पण साधारण १८०० फेऱ्यांच्या पुढं गेलं की सगळी गाडी थरथरायला लागली. मिस्त्रींना माउंटची शंका, मला शाफ्टची. दोघंही चुकलो. प्रॉपेलर शाफ्ट काढला, तरी थरथर तशीच. ४५४ चं इंजिन बाहेरून तोललेलं असतं. क्रँकचा तोल पूर्ण करणारं वजन पुढच्या डॅम्परवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर, किंवा ऑटोमॅटिकला त्याच्या जागी येणाऱ्या चकतीवर, ठेवलेलं असतं. गिअरबॉक्सबरोबर आलेली चकती स्मॉल ब्लॉकची होती, तिच्यावर ते वजन नव्हतंच. बोटीचं जुनं फ्लायव्हील नशिबानं माझ्या शॉपमध्येच कोपऱ्यात होतं. दोन्ही घेऊन कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कोल्हापूरला, शिरोलीच्या एमआयडीसीत एका बॅलन्सिंगवाल्याकडं गेलो. त्यानं जुनं फ्लायव्हील मशीनवर चढवून त्याचा असमतोल कुठं आणि किती ते वाचलं, आणि चकतीवर तेवढंच वजन त्याच कोनात लावलं. दुपारचं जेवण होईपर्यंत काम झालं. परत लावल्यावर रेडिएटरवर ठेवलेला चहाचा कप जागचा हलला नाही.

आणि मग आरसी

गाडी वखारीच्या आवारात दोन-तीनदा फिरली. २०२१ चा पावसाळा. सावकारांची मुलगी पुण्याहून आली होती. तिनं एकदम साधा प्रश्न विचारला: "पप्पा, आरसीवर इंजिन नंबर कुठला आहे? आणि चासी नंबर?"

दोन्ही जुने. गाडीत दोन्ही नवे.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंदलेल्या, उत्पादकानं ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं होतं, म्हणजे आमची चासी निघण्याच्या आधीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरटीओ कार्यालयात चौकशी केली तेव्हा तिथल्या साहेबांनी शांतपणे, न रागावता, हेच समजावलं. मिस्त्रींबरोबर आलेला कन्नड पोरगा त्यांचं ऐकून बाहेर येऊन म्हणाला, "आगल्ल री." होणार नाही. आमच्या दोन वर्षांच्या कामाचा एवढ्या कमी शब्दांत कुणी निकाल लावला नव्हता.

२०२१ च्याच जुलैमध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले होते. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत, नंतर नूतनीकरण ५,००० रुपये. रोजच्या वापराला नाही, पण रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला बाहेर काढता येते. आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर टिकतो. आजोबांचा नंबर टिकणार होता, पण आजोबांच्याच चासीवर आणि आजोबांच्याच इंजिनावर.

फायरवॉल कापलेली नव्हती. बॉडी जशीच्या तशी होती. ठिबकच्या पाइपांखालची जुनी चासी भंगारवाल्यानं दोनदा मागितली होती आणि भावावरून सौदा फिसकटला होता. तिच्या मागच्या कमानीला कापून, त्याच मापाचा पत्रा वळवून जोड दिला. नंबर पुढच्या भागावर होता, त्याला धक्का लागला नाही.

व्हाइट मेटलवाला शोधायला अर्धा दिवस लागला. आमच्या पट्ट्यात साखर कारखाने आहेत, आणि कारखान्यातल्या मोठ्या मशीनच्या बेअरिंगला अजूनही व्हाइट मेटल भरलं जातं. कोल्हापूर रस्त्यावर अशी कामं करणारे एक म्हातारे गृहस्थ निघाले. सहाही रॉड त्यांनी बघितले, नखानं खरवडले. "एवढंच? मला वाटलं रोलर आणताय." चार दिवसांत ओतून दिले.

वेगळं काय करता आलं असतं

आरटीओचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, हे तर उघडच आहे. पण मला त्याहून जास्त टोचतो तो व्हाइट मेटलचा. कायद्याची माहिती कुणालाच नव्हती असं म्हणता येईल. व्हाइट मेटल मात्र आमच्या रोजच्या धंद्यातलं. मी स्वतः कारखान्यांची कामं करतो. एका फोनचं काम होतं. सावकारांनी विचारलं तेव्हा मी तिथं नव्हतो, पण नंतर इंजिन माझ्याकडं आलं तेव्हाही मी विचारलं नाही, कारण मला ४५४ उघडायचं होतं. असं मोठं इंजिन उद्यमबागेत रोज येत नाही.

आणि जर कुणाला फक्त खाजगी आवारात चालवायला, किंवा जिथं अशी गाडी नोंदवता येते अशा देशात, मोठं इंजिन तयार चासीत घालायचंच असेल, तर चासीच्या माउंटवर विश्वास टाकण्याआधी ओळंबा सोडावा. 'व्ही-एटसाठी तयार' या शब्दांत कुठलं व्ही-एट आणि कुठल्या हाताची गाडी, हे कधीच लिहिलेलं नसतं. बॉडी चासीवर, गाडी टायरवर, खांब आणि रॅक जागेवर आल्याशिवाय माउंटला टॅकच्या पुढं वेल्ड मारू नये. आम्ही पहिल्यांदा मारला, तो काढायला आणि दुरुस्त करायला गेलेले दिवस मी मोजलेले नाहीत, मिस्त्रींनी मोजलेत. लहान ब्लॉक घेतला असता तर शाफ्टची निम्मी कसरत वाचली असती, हे माझं मत अजून तसंच आहे. मिस्त्रींचं तसं नाही. त्यांच्या मते आवाजाला किंमत असते.

सध्या

शेवरोले तिच्या जुन्या चासीवर, सहा सिलेंडरवर चालते. तेलाच्या दाबाचा काटा चौदा पौंडांच्या आसपास राहतो. पहिल्या दिवशी तो बघून सावकार घाबरले होते, पण या इंजिनाला तेवढाच दाब असतो. व्हिंटेजसाठी अर्ज गेला आहे, समितीनं गाडी बघायची बाकी आहे.

४५४ त्याच्या चासीसकट शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. महिन्यातून एकदा मिस्त्री येऊन ते चालू करतात, वरती बॉडी नाही, नुसतं इंजिन, गिअरबॉक्स आणि उजव्या हाताचं स्टिअरिंग. कुणी विकत मागितलं तर सावकार किंमत सांगत नाहीत.

शेवरोलेच्या फायरवॉलला समिती येण्याआधी रंग द्यायचा नाही असं ठरलं आहे, मूळ रंग जेवढा आहे तेवढा राहू दे म्हणून. त्यामुळं बॉनेट उघडलं की उजव्या बाजूला मिस्त्रींची खडूची रेघ अजून दिसते, पाच इंच आत, कोपरे गोल केलेले. सावकारांचा ड्रायव्हर दोनदा ओलं फडकं घेऊन ती पुसायला निघाला होता. दोन्ही वेळा मिस्त्रींनीच त्याच्या हातातून फडकं काढून घेतलं.